सांगलीहून साताऱ्याला व्हॉल्यूम रेप्लिकेट करताना स्टोरेजचा हिशोब कुठून सुरू करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या एका पतसंस्थेचं आयटी बघणाऱ्यांनी विचारलंय, की मेन ऑफिस गावभागात आहे, स्टोरेजवर १२ टीबीची व्हॉल्यूम्स (डिस्कच्या जागेचे वेगळे पाडलेले भाग) आहेत, त्यातली ७ टीबी भरलेली. पुराच्या धास्तीनं संचालक मंडळानं ठरवलंय की एक कॉपी साताऱ्याच्या शाखेत ठेवायची. मधे १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे, साताऱ्याला जुनं १२ डिस्कांचं स्टोरेज पडून आहे ते वापरायचं, आणि विकणारा म्हणतोय सिंक्रोनस लावू (साताऱ्याला पोचलं की मगच राइट झालं म्हणायचं), परफॉर्मन्सला काही होत नाही. तर प्लॅनिंग नेमकं कुठून सुरू करायचं?

आधी एक सांगतो, मंडळाचा निर्णय बरोबर आहे. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि त्या आठवड्यात सर्व्हर खांद्यावर घेऊन जिना चढणारी माणसं मी बघितलीयत. २०२१ च्या जुलैत परत तेच. त्यामुळं कॉपी नदीपासून लांब पाहिजे यात वाद नाही. कोल्हापूर जवळ आहे म्हणून तिथं ठेवू असं कोण म्हणालं तर सरळ नाही म्हणा, पंचगंगेला पूर येतो तोही त्याच पावसात येतो. सातारा उंचावर आहे, बरं आहे, फक्त कोयनेचा १९६७ चा भूकंप विसरू नका, कोयनानगर त्याच जिल्ह्यात येतंय, तेव्हा तिथली रॅक जमिनीला आणि भिंतीला नीट बोल्ट करून घ्या.

आता मुद्द्यावर. तुम्ही मला १२ टीबी सांगितलं, ७ टीबी सांगितलं, पण रेप्लिकेशनच्या, म्हणजे बदल सतत दुसरीकडं कॉपी करण्याच्या, हिशोबात हा आकडा फक्त एकदाच लागतो, पहिली कॉपी करताना. नंतर रोज लागतो तो आकडा वेगळाच, आणि तो तुमच्या प्रश्नात कुठंच नाही. तो म्हणजे सेकंदाला किती राइट होतात, किती एमबीचे होतात, आणि सगळ्यात जड मिनिटाला ते किती होतात. रीड तर रेप्लिकेट होतच नाहीत. स्टोरेजच्या स्क्रीनवर २०,००० आयओपीएस (सेकंदाला होणारे रीड आणि राइट) दिसले म्हणून घाबरू नका, त्यातले १७,००० रीड असतील तर लाइनला त्यांचं काही देणंघेणं नाही.

हे मोजायचं कसं, तर लिनक्स असेल तर आयओस्टॅट किंवा सार, विंडोज असेल तर परफमॉन, आणि स्टोरेजचं स्वतःचं मॉनिटरिंग असतंयच. पण सॅम्पल एक मिनिटाचं किंवा त्याहून कमी ठेवा. बऱ्याच स्टोरेजचे रिपोर्ट पाच मिनिटांची किंवा तासाची सरासरी दाखवतात आणि सरासरीत सगळं गोड दिसतं. पाच मिनिटांतलं एकच मिनिट ६० एमबीनं धावलं आणि बाकी चार मिनिटं २ एमबीवर असली तर सरासरी १४ च्या आत येते, पण सिंक्रोनस लावलं असेल तर त्या एका मिनिटाला काउंटरवरचा प्रत्येक माणूस स्क्रीनकडं बघत थांबलेला असतोय. आणि दिवस निवडताना साधा मंगळवार घेऊ नका. पतसंस्थेचे जड दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, मार्च एंड, व्याज टाकायची रात्र, दिवाळीच्या ठेवी, आणि आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की उसाची बिलं जमा होतात तो दिवस. ज्या दिवशी शेतकरी रांगेत उभा असतो त्याच दिवशीचा आकडा घ्या, बाकी दिवस आपोआप बसतात.

मोजताना अजून एक बघा, कुठलं व्हॉल्यूम किती लिहितंय ते वेगळं काढा. एका ठिकाणी मी गेलो होतो, रात्रीचा लोड बघून सगळे म्हणत होते लाइन दुप्पट करा, आणि व्हॉल्यूमनिहाय आकडे काढले तर अर्ध्याहून जास्त राइट रात्रीच्या बॅकअप डंपचे निघाले, तो डंप त्याच रेप्लिकेट होणाऱ्या व्हॉल्यूमवर पडत होता. डंपची जागा बदलली आणि लाइन आहे तीच पुरली. तसंच टेंपडीबी, स्वॅप, पेजफाइल ही सगळी तात्पुरत्या डेटाची जागा वेगळ्या व्हॉल्यूमवर काढा आणि रेप्लिकेशनच्या बाहेर ठेवा, साताऱ्याला डेटाबेस उठला की टेंपडीबी तो स्वतः नवीन बनवतोय. पण डेटा फाइलचं व्हॉल्यूम आणि लॉगचं (डेटाबेस प्रत्येक बदल आधी जिथं नोंदवतो ते) व्हॉल्यूम मात्र एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमधे, म्हणजे कॉपी एकाच क्षणाची राहील अशा गटात, पाहिजेत, नाहीतर लॉग १०:०५ चा आणि डेटा १०:०७ चा असं काहीतरी तिकडं पोचतं आणि डेटाबेस उठत नाही. यात चूक झाली तर बाकी कितीही चांगलं प्लॅनिंग केलं तरी त्या कॉपीचा उपयोग शून्य.

आता सिंक्रोनसचं. यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते आणि विकणारा जे म्हणतोय ते साताऱ्यासाठी चुकीचं आहे.

सिंक्रोनस म्हणजे काय, तर सांगलीच्या स्टोरेजवर राइट आलं की ते साताऱ्याला पाठवायचं, तिथनं पोचलं असा निरोप परत आला की मगच डेटाबेसला सांगायचं की झालं. म्हणजे प्रत्येक राइटला जाऊन-येऊन एक फेरी. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन १०. शंभर किलोमीटर फायबरला १ मिलिसेकंद झाला, आणि हा कुठल्याही पैशानं कमी होत नाही. सांगली-सातारा रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण फायबर रस्त्याच्या कडेनं सरळ जातंय असं समजू नका, तुमची लाइन कुठल्या कुठल्या एक्स्चेंजमधून वळसा घेऊन जात असेल, तर फेरीला खरा वेळ किती लागतो ते फक्त पिंग सांगतो. एकाच्या लाइनवर मी २ मिलिसेकंदाच्या आशेनं पिंग मारला आणि ११ आला, ट्रॅफिक कुठल्या तरी मोठ्या शहरातनं फिरून येत होतं. तर आजच दिवसभर पिंग चालू ठेवा, रात्रीसकट, आणि सरासरी नको, सगळ्यात वाईट आकडे लिहून ठेवा. त्यात अजून एक, काही प्रोटोकॉलमधे एका राइटला दोन फेऱ्या लागतात, आधी पाठवू का म्हणून विचारायचं, तिकडनं पाठव म्हटलं की मग डेटा, मग निरोप. फायबर चॅनल या स्टोरेजच्या नेटवर्कवर साधा स्कझी राइट असाच चालतो, त्याला राइट ॲक्सिलरेशन असेल तर एक फेरी वाचते. तुमच्या बॉक्सला एका राइटला किती फेऱ्या लागतात हे विकणाऱ्याला लेखी विचारा.

आता म्हणाल, ११ मिलिसेकंद म्हणजे काय, डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. खरंय, पण डेटाबेसचं लॉग रायटिंग एकामागं एक चालतंय. एक कमिट (व्यवहार पक्का करणं) झालं की पुढचं. बाकीचे राइट शंभर एकावेळी निघू शकतात, त्यांना उशीर झाला तरी ढकलतात, पण लॉग म्हणजे एकच खिडकी आणि एकच रांग. लोकल फ्लॅशवर लॉग राइट ०.६ मिलिसेकंदात होत असेल तर त्या एका रांगेतनं सेकंदाला सुमारे १,६०० कमिट निघतात. त्याला ११ ची फेरी आणि तिकडचा राइट जोडला, धरून चला १२ मिलिसेकंद, की तीच रांग सेकंदाला ८३ वर येते. डिस्क तीच, सर्व्हर तोच, सीपीयू रिकामा बसलेला, आणि काम मात्र विसाव्या हिश्श्यावर.

व्याज टाकायची रात्र घ्या. समजा ९०,००० खाती आहेत आणि सॉफ्टवेअर एका खात्याला तीन वेळा कमिट करतंय, हे मी मुद्दाम धरतोय कारण जुन्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधे असं असतंयच. झाले २,७०,००० कमिट. लोकलला ०.६ नं १६२ सेकंद, तीन मिनिटं पण नाहीत. १२ मिलिसेकंदानं ३,२४० सेकंद, म्हणजे ५४ मिनिटं. आणि लाइन सुधारून पिंग २ वर आणला, सगळं मिळून ३.२ धरलं, तरी १४ मिनिटं. यातलं एकही मिनिट जास्त डिस्क घालून किंवा लाइन १ जीबीपीएस करून कमी होत नाही. लाइन रुंद केली म्हणून रस्ता जवळ येत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून हजार खात्यांना एक कमिट केलं तर होतंय, पण ते तुमच्या हातात किती आहे ते तुम्हीच बघा.

आणि सिंक्रोनसमधे लाइन तुटली तर काय होणार हेही विचारा. दोनच गोष्टी होऊ शकतात, एकतर सांगलीचे राइट थांबतात आणि संस्था बंद पडते, नाहीतर राइट चालू राहतात आणि साताऱ्याची कॉपी मागं पडते. दुसरं असेल तर सिंक्रोनसला जो भाव देताय तो नेमका संकटाच्या वेळी गायब होतोय. पुरात आधी काय जातं, तर लाइट आणि लाइन.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सांगली ते सातारा असिंक्रोनस, म्हणजे सांगलीत राइट झालं की झालं म्हणायचं आणि साताऱ्याला मागनं पाठवायचं. सिंक्रोनस करायचंच असेल तर सांगलीतल्या सांगलीत, म्हणजे गावभागातनं विश्रामबाग किंवा मिरजेकडं, पूररेषेच्या बाहेरची जागा बघून स्वतंत्र फायबरवर, काही किलोमीटरच्या आत, तिथं फेरी मायक्रोसेकंदात बसते. बजेट नसेल तर साधं लिनक्स आणि डीआरबीडी (नेटवर्कवरनं डिस्क रेप्लिकेट करणारं सॉफ्टवेअर) घेऊनसुद्धा हे जमतं, ते २०१० पासून मूळ लिनक्स कर्नलमधे आहे, त्याचा प्रोटोकॉल सी म्हणजे सिंक्रोनस आणि ए म्हणजे असिंक्रोनस, मी दोन छोट्या ठिकाणी तसं चालवलंय आणि समाधानी आहे.

आता असिंक्रोनसचा हिशोब करू. तुमचे आकडे नाहीत म्हणून मी माझ्या अनुभवातले साधारण या साइजच्या संस्थेचे धरतो, तुम्ही तुमचे घालून परत करा. दिवसभर राइट सरासरी २ एमबी सेकंदाला, रात्री डे-एंडचे (दिवसाचे हिशोब बंद करायचे) दोन तास १४ एमबी. १०० एमबीपीएस म्हणजे कागदावर १२.५ एमबी, हेडर वगैरे जाऊन आणि थोडी हवा सोडून १० एमबी हातात धरा. ती पण जर सगळी लाइन रेप्लिकेशनला मिळत असेल तर. साताऱ्याच्या शाखेचं रोजचं काम त्याच लाइनवर असेल तर दिवसा रेप्लिकेशनला लिमिट लावावं लागणार, म्हणजे दिवसा १० नाहीच, ४ किंवा ५ च.

दोन तासांत १४ नं तयार होतो सुमारे १०० जीबी. तेवढ्या वेळात लाइन नेते ७२ जीबी. उरले २८-२९ जीबी सांगलीतच. हा साठा १० एमबीनं जायला ४८ मिनिटं लागतात, डे-एंड संपतं त्या क्षणी सातारा ३४ मिनिटं मागं असतो, आणि साठा उतरेपर्यंत हे अंतर पाऊण तासावर जातं. तेव्हा सांगली गेली तर तेवढ्या वेळाचं काम गेलं. मंडळाला तुम्ही आरपीओ (जास्तीत जास्त किती वेळाचं काम गेलेलं चालेल तो आकडा) १५ मिनिटं लिहून दिला असेल तर हे बसत नाही, आणि दिवसा मात्र आरामात बसतं कारण २ तयार होतंय आणि लाइन ४-५ नेतेय. हे असंच लिहून द्या, दिवसा पाच मिनिटं, डे-एंडला पाऊण तास, आणि साठा पूर्ण उतरायला त्यानंतर साधारण एक तास, कारण १० मधले २ चालू कामाला जातात, उरले ८. मंडळाला हे चालत असेल तर लाइन १०० पुरते. नसेल तर २०० घ्या. पण हा निर्णय त्यांनी आकडा बघून घ्यावा, लोकांच्या ठेवी आहेत, उद्या विचारणार तुम्हालाच.

आता लाइन तुटली तर. धरा २४ तास बंद, पुरात ही फार मोठी गोष्ट नाही. २२ तास २ नं म्हणजे १५८ जीबी, आणि डे-एंडचे १०१, मिळून साधारण २६० जीबी. एवढं सांगलीच्या जर्नलमधे, म्हणजे पाठवायचे राइट क्रमानं साठवायच्या जागेत, मावलं पाहिजे. मी त्याला दीडपट-दुप्पट धरतो, म्हणजे ४०० ते ५०० जीबी, आणि हे व्हॉल्यूम फास्ट डिस्कवर पाहिजे, कारण प्रत्येक राइट आता तिथं पण एकदा लिहिलं जाणार. जर्नल स्वस्त सटा डिस्कवर ठेवून मेन व्हॉल्यूम फ्लॅशवर ठेवलेलं मी बघितलंय, सगळं स्टोरेज त्या जर्नलच्या स्पीडला आलं होतं.

सगळी स्टोरेज जर्नल वापरत नाहीत, काही ठराविक मिनिटांनी स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली कॉपी) घेऊन दोन स्नॅपशॉटमधला फरक पाठवतात. त्याचा फायदा असा, की एकच ब्लॉक १५ मिनिटांत ५० वेळा बदलला तरी एकदाच जातो, जर्नलमधे तो ५० वेळा जातो. तोटा असा, की बदल मोजायचं माप मोठं असतंय. ८ केबीचा राइट झाला आणि स्टोरेज ६४ केबीच्या तुकड्यानं हिशोब ठेवत असेल तर ६४ केबी जाणार, विखुरलेले राइट असतील तर आठ पटीपर्यंत. डेटाबेसचे इंडेक्स विखुरलेलेच लिहितात. म्हणून कुठली पद्धत आणि किती मोठा तुकडा, हे विचारल्याशिवाय लाइनचा आकडा ठरवू नका. शिवाय स्नॅपशॉट कॉपी-ऑन-राइट पद्धतीचा असेल तर स्नॅपशॉट घेतल्यावर प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या राइटला जुना ब्लॉक वाचायचा, बाजूला लिहायचा, मग नवीन लिहायचा, एकाचे तीन आयओ होतात. दर १५ मिनिटांनी स्नॅपशॉट म्हणजे दर १५ मिनिटांनी हा दंड नव्यानं सुरू. नवीन ब्लॉक वेगळ्याच जागी लिहिणाऱ्या रीडायरेक्ट-ऑन-राइटवाल्यांना हा त्रास नसतो.

लाइनबद्दल अजून एक, जे मला शिकायला दोन रात्री गेल्या. १०० एमबीपीएसची लाइन, कोण वापरत नाही, तरी रेप्लिकेशन ६ एमबीच्या वर जाईना. लाइनवाला म्हणे लाइन बरोबर, स्टोरेजवाला म्हणे स्टोरेज बरोबर, आणि दोघंही खरं बोलत होते. टीसीपी एका वेळी जेवढा डेटा निरोपाची वाट बघत हवेत ठेवतो ती विंडो ६४ केबीला अडकली होती. ११ मिलिसेकंदाला ६४ केबी म्हणजे सेकंदाला बरोबर ६ एमबीच्या आसपास, यापुढं जाणारच नाही. मधल्या फायरवॉलनं विंडो स्केलिंग, म्हणजे ही विंडो मोठी करायची सोय, काढून टाकलं होतं. ते चालू केलं, सेशन एकाच्या जागी चार केले, लाइन भरली. पॅकेट लॉस पण असाच, हजारात एक पॅकेट जरी हरवत असलं तरी ११ मिलिसेकंदाच्या फेरीवर एका साध्या टीसीपी सेशनचा दम ५ एमबीच्या पुढं जात नाही. लाइनवाल्याशी करार करताना नुसता स्पीड लिहू नका, पिंग आणि लॉस दोन्हीचे आकडे लिहून घ्या.

कॉम्प्रेशननं निम्मं होईल असं विकणारा म्हणेल. होईल पण कदाचित, तुमचा डेटा आधीच एन्क्रिप्ट असेल, स्कॅन केलेली केवायसीची कागदं असतील, तर काहीच कमी होत नाही. स्वतःच्या डेटावर टेस्ट करून जो आकडा येईल तोच धरा, तोपर्यंत शून्य.

आता साताऱ्याचं ते जुनं स्टोरेज. इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय. १२ डिस्का, ७,२०० आरपीएमच्या असणार. अशी एक डिस्क रँडममधे ७५-८० आयओपीएस देते, १२ चे झाले ९००. रेड ६ (दोन डिस्का गेल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी) असेल तर एका छोट्या राइटला मागं सहा आयओ पडतात, म्हणजे हातात १५० राइट. आणि तुमच्या डे-एंडचे १४ एमबी ८ केबीनं भागले तर १,७५० राइट सेकंदाला. कॅशमुळं आणि सलग राइट एकत्र केल्यामुळं थोडं सावरतं, पण दोन तास सलग चाललं की कॅश भरतेच, आणि मग साताऱ्याची डिस्क लाइनपेक्षा हळू होते, साठा सांगलीत वाढतो, आणि तुम्ही लाइन वाढवत बसता. लाइन १ जीबीपीएस केली तरी फरक पडणार नाही. रेड १० (प्रत्येक राइट दोन डिस्कांवर) केलं तरी १,७५० चे ३,५०० होतात, त्याला अशा ४६-४७ डिस्का पाहिजेत. त्यापेक्षा पाच-सहा एंटरप्राइझ एसएसडी टाका, विषय मिटतो.

आणि हा हिशोब तर फक्त कॉपी घेत बसण्याचा झाला. खरा हिशोब वेगळाच आहे, ज्या दिवशी सांगली पाण्यात असेल त्या दिवशी त्याच साताऱ्याच्या बॉक्सवर सगळ्या शाखा चालवायच्या आहेत. तेव्हा राइटबरोबर रीड पण तिथंच येणार. रेप्लिकेशन चालू असताना जे स्टोरेज निवांत दिसतं ते त्या दिवशी बसतं, आणि पुरातनं बाहेर पडलेला माणूस औषधाला, रेशनला पैसे काढायला शाखेत आलेला असतो, त्याला सिस्टीम स्लो आहे म्हणून सांगायची वेळ येते. मी ती वेळ एका क्लायंटकडं बघितलीय, परत कुणावर येऊ नये म्हणून हे एवढं लांबण लावतोय. सांगलीच्या बॉक्सच्या निम्मा तरी दम साताऱ्याला पाहिजेच, रीडसकट, आणि निम्म्यात कुठल्या शाखा, कुठली कामं चालणार हे आधीच कागदावर पाहिजे.

पहिल्या कॉपीचं पटकन सांगतो. ७ टीबी ८ एमबीनं दहा दिवस घेतात आणि तेवढे दिवस लाइन दुसऱ्या कशाला उरत नाही. त्यापेक्षा साताऱ्याचा बॉक्स एकदा सांगलीला आणा, लोकल नेटवर्कवर २०० एमबीनं दहा तासांत कॉपी करा, एन्क्रिप्शन चालू ठेवून गाडीत घालून हायवेनं परत न्या. नेऊन बसवायला दोन दिवस गेले तरी तेवढ्यातला बदल जास्तीत जास्त ५२० जीबी, तो १८ तासांत उतरतो. तुमचं स्टोरेज ही पद्धत सपोर्ट करतंय का ते आधी विचारून घ्या, काहींना सुरुवातीलाच सांगावं लागतंय की कॉपी आधीच सेम आहे.

लाइन तुटून परत आली की काय होतं तिकडं मात्र नीट लक्ष द्या. एका ठिकाणी २०२१ च्या पुरात लाइन ३१ तास बंद होती, जर्नल लहान ठेवलं होतं, ते भरलं, रेप्लिकेशन सस्पेंड झालं. लाइन आल्यावर रीसिंक, म्हणजे मागं पडलेली कॉपी परत जुळवणं, सुरू झालं, आणि रीसिंक चालू असताना बदललेले ब्लॉक वेळेच्या क्रमानं जात नाहीत, नंबरच्या क्रमानं जातात. म्हणजे ते संपेपर्यंत साताऱ्याची कॉपी ना कालची ना आजची, ती उघडतच नाही. नेमकं तेव्हा मेन साइटला पाणी लागलं असतं तर दोन्ही गेलं असतं. तिथं पाणी दोन पायऱ्या खाली थांबलं म्हणून वाचले. तेव्हापासून मी एक गोष्ट सोडत नाही, रीसिंक सुरू व्हायच्या आधी तिकडच्या बाजूला स्नॅपशॉट घेतलाच पाहिजे, स्टोरेज आपोआप घेत असेल तर ते चालू आहे का बघायचं, नसेल तर रीसिंक ऑटोमॅटिक ठेवायचंच नाही. आणि त्या स्नॅपशॉटला जागा लागते, रीसिंकमधे जेवढं बदलणार तेवढी, म्हणून साताऱ्याला १२ टीबी घेऊन भागत नाही, २० ते ३० टक्के वर धरा. रीसिंकचा स्पीडही बांधून ठेवा, नाहीतर तो सांगलीच्या डिस्क वाचून वाचून काउंटरचं काम हळू करतो.

रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नाही हेही मंडळाला सांगा. इथं कुणी चुकून टेबल उडवलं किंवा रॅन्समवेअर घुसलं तर ते पण तेवढ्याच इमानदारीनं साताऱ्याला पोचतं. रात्रीचा बॅकअप वेगळा, ऑफलाइन कॉपीसकट, तो चालूच ठेवायचा.

टेस्ट कशी करायची, तर रेप्लिकेशन न तोडता साताऱ्याला स्नॅपशॉटवरनं डेटाबेस उठवायचा, त्यावर खरंच एक डे-एंड चालवायचं आणि किती वेळ लागला ते लिहायचं. नुसतं डेटाबेस उठला, फोटो काढला, असं नको. मे महिन्यात करा, पावसाच्या आधी. आणि परत येण्याचाही हिशोब करा, सातारा आठ दिवस चालवल्यावर सांगलीला परत यायचं तर तो बदल उलट्या दिशेनं त्याच लाइनवरनं येणार, आणि सांगलीचा बॉक्स भिजला असेल तर पूर्ण ७ टीबी. तेव्हाही गाडीच लागणार, फक्त यावेळी चालू असलेला डेटा हाताळायचा असतोय.

आत्ता तुम्ही एवढं करा. व्हॉल्यूमनिहाय राइटचे एक मिनिटाचे आकडे, निदान एका डे-एंडचे आणि शक्य असेल तर व्याजाच्या रात्रीचे, सातारा लाइनचा २४ तासांचा पिंग आणि लॉस, लॉग व्हॉल्यूमचा सरासरी राइट टाइम, आणि साताऱ्याच्या डिस्कांचा मॉडेल नंबर, हे चार काढून ठेवा आणि तोपर्यंत कशावर सही करू नका. आकडे आले की मला द्या, जर्नल किती आणि लाइन १०० का २०० ते आपण बसून काढू.